समुद्रातले मजले आणि तेथील सूक्ष्म रहिवासी

भूगोलाच्या विद्यार्थ्यांना सागरतळावरील निक्षेपांचे प्रकरण अभ्यासावे लागते. त्यात ‘ग्लोबिजेरिना सिंधुपंक’ हा शब्द येतो. बहुतेक जण तो परीक्षेपुरता पाठ करतात, ‘सूक्ष्म जीवांच्या चुनखडी कवचांचा बनलेला पांढरट चिखल’ एवढे उत्तर लिहितात आणि निकाल लागला की विसरून जातात. त्या उत्तराच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे. तो असा की, ही कवचे समुद्राच्या तळाशी सापडतात हे खरे, पण त्यांत राहणारे जीव समुद्रात नेमके किती खोलीवर राहत होते? प्रश्न प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. परंतु हिमयुगात समुद्र किती थंड होते, आपला मोसमी पाऊस हजारो वर्षांपूर्वी जोरात होता की मंद, याविषयी आज जे सांगितले जाते त्यातला फार मोठा भाग या कवचांच्या साक्षीवर उभा आहे. साक्षीदार प्रसंगाच्या वेळी कोठे उभा होता हे ठाऊक नसेल तर त्याची साक्ष कोणते न्यायालय मानील?

प्रथम या साक्षीदारांची ओळख करून घेऊ. त्यांच्या गटाला फोरॅमिनिफेरा म्हणतात. हे एकपेशीय जीव आहेत. म्हणजे शरीर एकाच पेशीचे. ना तोंड, ना पोट, ना डोळे. पण ही पेशी स्वतःभोवती कॅल्शियम कार्बोनेटचे कवच बांधते, आणि वाढ होईल तशी त्या कवचाला एकेक नवी खोली जोडत जाते. बहुतेकांचे पूर्ण वाढलेले कवच अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असते. बारीक रव्याचा कण डोळ्यांपुढे आणला तरी पुरे. कवचाला असंख्य बारीक छिद्रे असतात. काही जातींच्या कवचावर केसाहून बारीक असे लांब काटे असतात, आणि पेशीद्रवाचे धागे त्या काट्यांवरून बाहेर पसरून भक्ष्य पकडतात. १८२६ साली आल्सीद दॉर्बिन्यी या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने या गटाला नाव दिले तेव्हा त्याला हे नॉटिलस आणि माकुळ यांचे चिमुकले भाऊबंद वाटले होते. हे एकपेशीय जीव असल्याचे १८३५ मध्ये फेलिक्स द्युजार्दां याने दाखवून दिले.

फोरॅमिनिफेरांच्या हजारो जाती समुद्रतळावर, चिखलात किंवा खडकांवर राहतात. पाण्यात तरंगत जगणाऱ्या, म्हणजे प्लवक असलेल्या जाती मात्र जेमतेम पन्नासच्या घरात आहेत. आणि तरीही खोल समुद्राच्या तळावर जे प्रचंड पांढरे गालिचे पसरले आहेत ते मुख्यतः या पन्नास जातींच्या कवचांचे, आणि त्यांच्या जोडीला कॉकोलिथ नावाच्या त्याहूनही सूक्ष्म वनस्पती-प्लवकांच्या चकत्यांचे, बनलेले आहेत.

आता मुख्य वादाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अटलांटिकमधून तारायंत्राची केबल टाकण्यासाठी तळाची खोली मोजली जाऊ लागली. मोजणीच्या दोरीबरोबर थोडा चिखलही वर येई. त्यात ही कवचे खच्चून भरलेली दिसली. मग विद्वानांत दोन तट पडले. एकाचे म्हणणे, हे जीव तळाशीच जगतात आणि तेथेच मरतात. दुसऱ्याचे म्हणणे, ते वरच्या पाण्यात जगतात आणि मेल्यावर त्यांची कवचे पावसासारखी खाली पडतात. पहिल्या पक्षात मोठमोठी नावे होती. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाची प्रसिद्ध सफर डिसेंबर १८७२ मध्ये निघाली, तेव्हा तिचे शास्त्रीय प्रमुख वायव्हिल थॉमसन हेही त्याच मताचे होते.

वाद मिटवला तो एका अगदी साध्या साधनाने. जहाजावरील तरुण निसर्गशास्त्रज्ञ जॉन मरे रोज पाण्यात बारीक विणीच्या कापडाची जाळी सोडून ओढत असे. त्या जाळ्यात पृष्ठभागाजवळच्या पाण्यातून जिवंत, काट्यांसकट, पेशीद्रवाने भरलेल्या ग्लोबिजेरिना येऊ लागल्या. शिवाय त्याच्या लक्षात आले की, वरच्या पाण्यात ज्या जाती सापडतात त्यांचीच कवचे त्या खालच्या तळावर असतात. जहाज उष्ण समुद्रातून थंड समुद्रात गेले की वरच्या जाती बदलतात आणि त्यांच्यामागोमाग तळावरची कवचेही बदलतात. थॉमसन यांनी आपले मत सोडले आणि मरेचे मान्य केले. (हाताखालच्या माणसाचे म्हणणे पुराव्यासाठी मान्य करणारे प्रमुख त्या काळीही थोडे होते, म्हणून ही नोंद.) विल्यम कार्पेंटर या दुसऱ्या ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी मात्र पूर्ण माघार घेतली नाही. हे जीव लहानपणी वर राहत असतील, पण कवच जाड झाले की ते तळाशी उतरून तेथेच जगतात, असा त्यांचा आग्रह राहिला. ते या वादात हरले असे पुस्तके सांगतात. पण त्यांच्या म्हणण्यातला अर्धा भाग पुढे वेगळ्याच वाटेने खरा ठरायचा होता.

मरेला दुसरीही एक गोष्ट दिसली. वरच्या पाण्यात हे जीव सर्वत्र असूनही फार खोल तळावर त्यांची कवचे सापडत नाहीत. तेथे केवळ तांबडी माती असते. मग तेथे पडलेली कवचे गेली कोठे? मरेने उत्तर दिले : विरघळली. खोल पाणी थंड असते, त्यावर दाब प्रचंड असतो, आणि त्यात कुजणाऱ्या जैव पदार्थांमुळे कार्बन डाय-ऑक्साइड अधिक विरघळलेला असतो. अशा पाण्यात चुनखडी टिकत नाही. एका विशिष्ट खोलीखाली, वरून जेवढी कवचे येतात तेवढी सर्व विरघळून जातात. ही सीमा अटलांटिकमध्ये साधारण ५००० मीटरवर, पॅसिफिकमध्ये साधारण ४२०० ते ४५०० मीटरवर आणि हिंदी महासागरात या दोहोंच्या दरम्यान येते. पर्वतावरील हिमरेषा आपण शिकतो तिचेच हे सागरातील रूप. समुद्राचे पाणी काढून टाकता आले तर पाण्याखालच्या पर्वतरांगांचे माथे पांढरे दिसतील आणि दऱ्या तांबूस-तपकिरी दिसतील.

१९६६ साली मेल्विन पीटरसन याने याची प्रत्यक्ष परीक्षा घेतली. त्याने मध्य पॅसिफिकमध्ये एका लांब दोरावर निरनिराळ्या खोलीवर कॅल्साइटचे घासून गुळगुळीत केलेले गोळे टांगले, काही महिन्यांनी वर काढले आणि वजन केले. वरचे गोळे जवळजवळ जसेच्या तसे होते. साधारण ३७०० मीटरच्या खाली मात्र झीज एकदम वाढलेली होती. त्याच दोरावर वोल्फगांग बर्गर याने खऱ्या फोरॅमिनिफेरांची कवचे टांगली होती, आणि त्याला आढळले की सर्व जाती सारख्या विरघळत नाहीत. पातळ, सच्छिद्र भिंतीची कवचे आधी जातात. जाड भिंतीची मागे उरतात. आता, पातळ कवचे बहुधा कोणाची? उजेडाच्या उबदार पाण्यात राहणाऱ्यांची. आणि जाड कवचे बहुधा खालच्या थंड पाण्यात राहणाऱ्यांची. म्हणजे खोल तळावरील कवचांची शिरगणती केली तर वरच्या पाण्यातील जातींची संख्या मुळातच कमी भरते, आणि एके काळी तेथील समुद्र होता त्यापेक्षा थंड होता असा निष्कर्ष निघतो. खोलीचा प्रश्न म्हणजे केवळ जीवशास्त्राची हौस नव्हे, हे येथे ध्यानात यावे.

मरेच्या जाळ्याने ‘वर की तळाशी’ याचा निकाल लावला. पण ‘वर’ म्हणजे किती वर? पृष्ठभागावरचे पाच मीटर, की पाचशे मीटर? समुद्राचे पाणी एकजिनसी नसते. अरबी समुद्रात पृष्ठभागाचे पाणी २८ अंश सेल्सियसच्या आसपास असते. त्याखाली एका थरात तापमान झपाट्याने उतरते. हजार मीटरवर ते आठ-दहा अंश असते आणि अगदी तळाशी दोन अंशांपर्यंत येते. उजेड तर शंभर-दोनशे मीटरच्या खाली नावापुरताच. मुंबईच्या चाळीत तळमजल्याची ओल आणि गच्चीखालच्या खोलीचे ऊन यांत जेवढा फरक, त्याहून कितीतरी जास्त फरक या मजल्यांत असतो. साधे जाळे खाली सोडून वर ओढले तर ते सर्व मजल्यांवरचे रहिवासी एकाच पिशवीत भरून आणते आणि कोण कोठला हे कळत नाही. म्हणून ठरावीक खोलीवर उघडणारी आणि ठरावीक खोलीवर मिटणारी जाळी तयार करावी लागली. अमेरिकेतील लॅमाँट वेधशाळेतील ॲलन बे या शास्त्रज्ञाने १९६० नंतर अशी जाळी वापरून या जीवांच्या मजलेवार नोंदी केल्या. हिंदी महासागरातील जिवंत जाती आणि तळावरील त्यांची कवचे यांची तुलना करणारा त्याचा आणि हटसन याचा अभ्यास १९७७ साली प्रसिद्ध झाला. बे याने ढोबळ तीन मजले पाडले : पन्नास मीटरपर्यंतचा, पन्नास ते शंभर मीटरचा, आणि शंभर मीटरखालचा.

वरच्या मजल्यावरचे रहिवासी म्हणजे ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर, ट्रायलोबेटस सॅक्युलिफर, ऑर्ब्युलिना युनिव्हर्सा इत्यादी. (नावे जिभेला जड आहेत, त्याला इलाज नाही, पुढे त्यांचा उल्लेख शेवटच्या किंवा सोयीच्या शब्दानेच करू.) यांचे वर राहण्याचे कारण मोठे मनोरंजक आहे. त्यांच्या पेशीद्रवात सूक्ष्म शैवले राहतात. दिवसा ही शैवले काट्यांच्या बाजूने बाहेर पसरून ऊन घेतात आणि रात्री कवचाच्या आसऱ्याला परततात. यजमानाला त्यांच्याकडून अन्न मिळते, त्यांना यजमानाकडून खत आणि संरक्षण मिळते. बागायत करणारा माणूस अंधाऱ्या कोठडीत राहणार नाही, तसेच हे. रुबर या नावाचा अर्थ तांबडा. अटलांटिकमध्ये तिचा गुलाबी प्रकार अद्याप आढळतो. हिंदी आणि पॅसिफिक महासागरांतून मात्र तो सुमारे १,२०,००० वर्षांपूर्वी नाहीसा झाला आणि आपल्याकडे फक्त पांढरा प्रकार उरला. गाळाच्या थरात गुलाबी कवच शेवटचे कोठे दिसते हे पाहून तेथे काळाची खूण करता येते, इतकी ही घटना नेमकी आहे.

मधल्या मजल्यावर, म्हणजे तापमान झपाट्याने उतरते त्या थराच्या आसपास, ड्यूटरट्रेई आणि मेनार्डाय या जाती राहतात. तेथे अंधुक उजेड आणि खालून येणारी पोषकद्रव्ये यांची गाठ पडते, त्यामुळे वनस्पती-प्लवकांचा एक दाट पट्टा तयार होतो, आणि यांची पंगत त्या पट्ट्यावर बसते. त्याखालचा मजला ट्रंकॅट्युलिनॉइडिस आणि तिच्यासारख्या इतर जातींचा. ग्लोबोरोटॅलॉइडिस हेक्सागोनस नावाची एक जात तर ऑक्सिजन अत्यल्प असलेल्या पाण्यात सापडते, जेथे इतरांचा जीव गुदमरावा.

जाळ्यांनी मिळवलेली ही माहिती मोलाची खरी, पण ती आजची. लाखो वर्षांपूर्वीच्या पाण्यात कोणी जाळे टाकणार नाही. त्यासाठी कवचालाच बोलते करावे लागले. शिकागो येथील हॅरल्ड यूरी यांनी १९४७ मध्ये मांडले होते की, पाण्यातून कॅल्साइट तयार होताना त्यात ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या समस्थानिकांचे जे प्रमाण येते ते तापमानावर अवलंबून असते. पाणी जितके थंड तितका ऑक्सिजन-१८ अधिक. फरक फार थोडा. चार-साडेचार अंशांनी तापमान उतरले तर हजारात एकाच्या आसपास. पण तो मोजता येतो. यूरींच्या प्रयोगशाळेतील इटालियन संशोधक चेझारे एमिलियानी याने १९५४ साली ही युक्ती आपल्या प्रश्नाला लावली. त्याने तळावरच्या गाळातील एकाच थरातून वेगवेगळ्या जातींची कवचे वेचली आणि प्रत्येकीतला ऑक्सिजन मोजला. एकाच काळी, एकाच ठिकाणच्या पाण्यात जगलेल्या या जाती. तरी प्रत्येकीचे तापमान वेगळे निघाले. रुबर आणि सॅक्युलिफर यांची कवचे उबदार पाण्यात घडलेली, मेनार्डायचे त्याहून थंड पाण्यात. थंड म्हणजेच खोल. अशा रीतीने जाळे न टाकताच त्याने रहिवाशांची मजलेवार यादी तयार केली, आणि पुढे जाळ्यांनी ती बहुतांशी खरी असल्याचे दाखवले.

दुसऱ्याच वर्षी, १९५५ मध्ये, एमिलियानीने कॅरिबियन समुद्रातून नळीने काढलेल्या गाळाच्या लांब स्तंभातील कवचे, मुख्यतः सॅक्युलिफरची, थराथराने तपासून हिमयुगांतील तापमानाचा आलेख प्रसिद्ध केला. पाणी हिमयुगात सुमारे सहा अंशांनी थंड झाले असा त्याचा हिशेब होता. परंतु यात एक मेख होती. हिमयुगात हलक्या ऑक्सिजनचे पाणी बर्फाच्या रूपाने जमिनीवर अडकून पडते आणि मागे उरलेला समुद्र मुळातच जड होतो. मग कवचातला किती जडपणा थंडीचा आणि किती बर्फाचा?

या कोड्याचे उत्तर केंब्रिजच्या निकोलस शॅकलटन याने १९६७ साली दिले, आणि ते खोलीच्या विचारातूनच दिले. मला स्वतःला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर युक्तिवाद वाटतो. खोल समुद्रतळाचे पाणी आजच एक-दोन अंशांवर आहे. ते आणखी थंड होऊन होऊन किती होणार? फार तर गोठणबिंदूपर्यंत. तेव्हा हिमयुगात तळावर राहणाऱ्या जातींच्या कवचातही ऑक्सिजन-१८ तेवढाच वाढलेला असेल, तर ती वाढ थंडीमुळे असू शकत नाही. ती बर्फामुळेच असली पाहिजे. तळावरच्या जातींची कवचे गाळात विरळ असतात, म्हणून थोड्या नमुन्यावर चालणारे उपकरण त्याला सिद्ध करावे लागले. मोजल्यावर दिसले की तळाच्या आणि पृष्ठभागाच्या कवचांतील बदल जवळजवळ सारखाच आहे. म्हणजे एमिलियानीचा आलेख मुख्यतः तापमानाचा नव्हताच. तो पृथ्वीवरील बर्फाच्या साठ्याचा होता. आलेखाची रेघ तीच, वाचन निराळे. वरचा रहिवासी आणि खालचा रहिवासी अशा दोघांची साक्ष शेजारी शेजारी ठेवली म्हणून हे उमगले.

आता कार्पेंटर यांच्या अर्ध्या सत्याकडे येऊ. हे जीव जन्मभर एकाच मजल्यावर राहत नाहीत. सॅक्युलिफरचे आयुष्य साधारण महिन्याभराचे असते आणि तिचे पुनरुत्पादन चंद्राच्या कलांशी जुळलेले असते. हॅस्टिजेरिना पेलॅजिका नावाच्या दुसऱ्या एका जातीत तर पौर्णिमेनंतर तीन ते सात दिवसांत पुनरुत्पादन होते असे १९७९ साली दाखवले गेले. पुनरुत्पादनाच्या आधी सॅक्युलिफर आपले काटे टाकते, खाली उतरते आणि कवचावर कॅल्साइटचा आणखी एक जाड थर चढवते. मग पेशीतून लाखो जननपेशी बाहेर पडतात, जीव संपतो, आणि रिकामे कवच दिवसाला काही शे मीटर या वेगाने तळाकडे निघते. ट्रंकॅट्युलिनॉइडिसचा प्रवास याहून मोठा. ती हिवाळ्यात, पाणी वरखाली ढवळले जाते तेव्हा, पृष्ठभागाजवळ पुनरुत्पादन करते, आणि तिची पिढी वाढता वाढता काही शे मीटर खाली उतरते. हे चक्र वर्षाचे. तेव्हा कार्पेंटर म्हणत तसे कवच जाड होताना खाली उतरणे घडते. फक्त ते जीव तळापर्यंत जात नाहीत.

याचा परिणाम असा की एकाच कवचात दोन मजल्यांची नोंद असते. आतल्या खोल्या वरच्या उबदार पाण्यात बांधलेल्या, बाहेरचा थर खालच्या थंड पाण्यात चढवलेला. संपूर्ण कवच दळून मोजले तर मधलेच काहीतरी तापमान येते, जे त्या जीवाने कदाचित कधीच अनुभवले नसेल. त्यात ज्यांच्या पोटी शैवले आहेत त्यांचा प्रकाशसंश्लेषणामुळे होणारा फरक वेगळाच. म्हणून काळजी घेणारे संशोधक ठरावीक आकारमानाचीच कवचे निवडतात आणि काटे टाकून जाड झालेली कवचे वेगळी काढतात.

हे सगळे दूरच्या समुद्रातले, असे कोणी म्हणू नये. आपल्या दाराशी असलेल्या अरबी समुद्रात तर खोलीच्या प्रश्नाला एक वेगळेच वळण लागते. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला जवळजवळ समांतर वाहतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे पृष्ठभागाचे पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते आणि त्याची जागा घेण्यासाठी खालचे थंड, पोषकद्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. उष्ण कटिबंधातील ऐन उन्हाळ्यात ओमानच्या किनाऱ्यालगत पाण्याचे तापमान २५ अंशांच्याही खाली जाते. तेथे मग ग्लोबिजेरिना बुलॉइडिस ही जात अफाट संख्येने वाढते. ही जात एरवी थंड कटिबंधांतील समुद्रांची. तिच्यापाशी शैवलांची बाग नाही. तिला भरपूर अन्न लागते. येथे रहिवासी मजला बदलत नाही, खालचा मजलाच वर येतो!

गोव्यातील दोना पावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून जन्मलेल्या या संस्थेने जर्मनीतील हॅम्बुर्ग विद्यापीठाच्या सहकार्याने १९८६ पासून अरबी समुद्राच्या पश्चिम, मध्य आणि पूर्व भागांत खोल पाण्यात नरसाळ्यासारखे सापळे टांगले. वरून पडणारे कण त्यांत जमा होतात. ठरावीक दिवसांनी तळाची बाटली आपोआप बदलते. आणि वर्षभराने सापळा वर काढला की कोणत्या पंधरवड्यात काय पडले हे पुढ्यात येते. या सापळ्यांनी दाखवले की खोल समुद्रावरचा हा ‘पाऊस’ आपल्या पावसाच्या तालावर चालतो : नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात मोठा जोर, ईशान्य वाऱ्यांच्या काळात दुसरा, आणि मधल्या काळात शांतता. हे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले.

मग तर्क सरळ आहे. वारे जोराचे, तर खालचे पाणी अधिक वर. खालचे पाणी अधिक वर, तर बुलॉइडिस अधिक. आणि बुलॉइडिस अधिक, तर तळाच्या गाळात तिच्या कवचांचे शेकडा प्रमाण अधिक. ओमानजवळ सुमारे ८०० मीटर खोल पाण्यात १९८७ साली समुद्रतळ-वेधन प्रकल्पाच्या जहाजाने ७२३ क्रमांकाच्या जागी गाळाचा स्तंभ काढला. खोली मुद्दाम लक्षात घ्यावी : कवचे विरघळण्याच्या सीमेच्या कितीतरी वर. त्यातील बुलॉइडिसची शिरगणती करून खरगपूरच्या आय.आय.टी.मधील अनिल गुप्ता आणि त्यांचे अमेरिकी सहकारी अँडरसन व ओव्हरपेक यांनी २००३ मध्ये दाखवले की, गेल्या दहा-अकरा हजार वर्षांत उत्तर अटलांटिकमध्ये थंडीचे जे जे काळ आले त्या त्या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे मंदावले होते. रव्याच्या कणाएवढी कवचे मोजून निघालेला हा निष्कर्ष. दुष्काळांचा इतिहास आपण ताम्रपटांत आणि बखरींत शोधतो. त्याच्याही मागचा काळ वाचायचा तर समुद्रतळाची ही बखर उघडावी लागते. फक्त हे विसरता कामा नये की ती वाऱ्यांची बखर आहे. कोकणात किंवा मराठवाड्यात किती पाऊस पडला हे ती थेट सांगत नाही, आणि या बाबतीत घाईने विधाने करणाऱ्यांपासून जरा सावध राहिलेले बरे.

अलीकडच्या काळात या रहिवाशांचीच स्थिती बदलते आहे. वातावरणातील वाढता कार्बन डाय-ऑक्साइड समुद्रात मिसळून पाण्याची अल्कता कमी होत आहे, आणि अशा पाण्यात कवच बांधणे जड जाते. दक्षिण महासागरात सापळ्यांतून मिळालेली आजची बुलॉइडिस कवचे त्याच भागातील तळावरच्या, औद्योगिक काळापूर्वीच्या कवचांपेक्षा वजनाने ३० ते ३५ टक्के हलकी असल्याचे २००९ साली आढळले. २०२४ मध्ये जगभरच्या जाळ्यांच्या नोंदी एकत्र करून झालेल्या अभ्यासात दिसले की गेल्या आठ दशकांत या जीवांची संख्या सुमारे २४ टक्क्यांनी घटली आहे. अनेक जाती ध्रुवांच्या दिशेने सरकत आहेत आणि काही अधिक खोल पाण्यात उतरत आहेत. रुबर आणि सॅक्युलिफर यांना मात्र फार खाली उतरण्याची सोय नाही. त्यांच्या शैवलांना ऊन हवे.

हा बदल गाळात इतक्यात वाचता येणार नाही. खुल्या समुद्रात हजार वर्षांत जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर गाळ साचतो, आणि तळावरचे किडे त्याचे वरचे थर सतत उकरून मिसळून टाकतात. त्यामुळे अगदी वरच्या एका सेंटिमीटरातही शेकडो वर्षांची कवचे एकत्र असतात. २०१९ साली युरोपीय संशोधकांनी याचाच उपयोग करून घेतला : गाळाचा वरचा थर हा औद्योगिक काळापूर्वीच्या समुद्राचा नमुना धरला, सापळ्यांत पडलेली कवचे हा आजचा नमुना धरला, आणि दोन्ही ताडून पाहिले. जातींचे परस्परांतील प्रमाण बदललेले निघाले, आणि जेथे पाणी अधिक तापले तेथे बदलही अधिक. अरबी समुद्रात तर पाणी तापते आहे, आणि खालून येणारे थंड पाणीही वाऱ्यावर अवलंबून आहे. तेथे कोण कोणत्या मजल्यावर राहतो हे दर काही वर्षांनी जाळी टाकून नव्याने पाहावे लागणार आहे.